बाहुलीचं अंग: मांजरपाट की जुनं लुगडं?

बाईचं बळ आणि हळवेपण एकाच बाहुलीत आणायचं म्हटलं की हात आधी जुन्या लुगड्याकडे जातो. माझाही गेला. आईचं वापरून वापरून सायीसारखं झालेलं सुती नऊवारी होतं. गोधडीत जायचं ते बाहुलीत गेलं.

लुगड्याचे गुण नाकारता येत नाहीत. गालाचा उतार, पोटाची सैल वळी त्यात आपसूक येते. मांजरपाटाकडून, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाकडून, ते करवून घ्यावं लागतं. नवा मांजरपाट त्याला लावलेल्या खळीमुळे पुठ्ठ्यासारखा वागतो. आधी गरम पाण्यातून काढायचा, मग चहाच्या पाण्यात बुडवायचा, तेव्हा कुठे माणसात येतो.

पण मान! दीड फुटी बाहुलीचं डोकं पेलायचं तर मानेत फायबर, म्हणजे भरायचा कृत्रिम कापूस, ठासून भरावं लागतं. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं मी ते कोंबलं. टीप शाबूत राहिली, पण टिपेच्या कडेचे धागे सरकले आणि फटीतून पांढरं डोकावू लागलं. सैल भरलं तर डोकं छातीवर. दुहेरी टीप घातली, आतून अस्तर लावलं, शेवटी बांबूची काडी खुपसली. मान ताठ झाली, पण हात लावला की आधी काडीच लागायची. तीन वेळा उसवलं. खालमानेची बाई मला करायचीच नव्हती.

मांजरपाटाची मान पहिल्याच खेपेला उभी राहिली, काडीशिवाय. या वेळी कापड उभ्या धाग्यात कापलं होतं, ओरेब, म्हणजे तिरकं, नाही. त्याचाही हातभार असेल. बोटं उलटवताना लुगडं दोनदा फाटलं होतं, हे एकदाही नाही.

मग हळवेपणाचं काय? शिल्पकार लुईज बुर्ज्वा यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर जुन्या कपड्यांतून, टॉवेलच्या कापडातून माणसं शिवली. आईवडिलांचा जुने विणलेले भिंतीपडदे दुरुस्त करण्याचा कारखाना, त्यामुळे सुई घरचीच. तरी त्या माणसांचे टाके मुद्दाम ओबडधोबड, उघडे. ते पाहून मीही छातीवरची शिवण बाहेरून, लाल दोऱ्यानं, वेडीवाकडी घातली. त्यासाठी कापड कमकुवत असावं लागलं नाही.

बसलेली किंवा निजलेली बाहुली करणार असाल तर लुगडं कदाचित सरसच ठरेल. उभी करायची असेल तर मी तरी मांजरपाटच घेईन. उरलेल्या लुगड्याचा काठ तिला नेसवलाय.