दालन उंची, गाडी साखळीची

ज्या दालनातून आम्ही स्वयंपाकघराची जवळजवळ सगळी यंत्रे घेतली, ते एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स साखळीच्या मालकीचे आहे, हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत कळते. यात लपवाछपवी आहे असे मला वाटत नाही, कारण हा धंदाच असा आहे. अमेरिकेत १९६० साली सुरू झालेले पॅसिफिक सेल्स हे गृहोपकरणांचे दुकान २००६ मध्ये बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्स साखळीने घेतले, स्वयंपाकघराची उंची यंत्रे बनवणारी डेकॉर २०१६ मध्ये सॅमसंगकडे गेली, त्याच वर्षी जीईचा गृहोपकरणांचा विभाग हायरने घेतला, आणि बॉश, थर्माडोर व गागेनाउ ही तिन्ही नावे तर एकाच समूहाची आहेत. मीले ही १८९९ पासून संस्थापकांच्या दोन कुटुंबांकडेच राहिलेली कंपनी अपवादच म्हणायची. आमचे दालन अर्थातच वर नाव घेतलेल्यांपैकी नाही.

दालनाची खरी मिळकत म्हणजे तिथला विक्रेता. त्याने आधी एकही यंत्र दाखवले नाही. स्वयंपाकघराचा आराखडा मागितला, टेबलावर पसरला आणि फ्रिजच्या जागेशेजारच्या भिंतीवर बोट ठेवले. दार ९० अंशांत उघडले की काम झाले असे आपल्याला वाटते, पण अनेक फ्रिजमध्ये खालचे खण पूर्ण बाहेर ओढायला दार त्याहून अधिक उघडावे लागते, आणि भिंत बिजागरीला चिकटून असेल तर तो खण कायमचा अर्धाच बाहेर येतो. हे त्याने तोंडी सांगितले नाही, तर मांडलेल्या फ्रिजच्या कडेला पुठ्ठ्याचा तुकडा भिंतीसारखा धरून आम्हालाच खण ओढायला लावला. खण अडकला. आम्ही निवडलेले मॉडेल तिथेच बाद झाले आणि त्याने सुचवलेले तुलनेने स्वस्त निघाले, हे मुद्दाम नोंदवतो.

इंडक्शनची शेगडीही तिथे चालू स्थितीत आहे. आपले भांडे घेऊन या, असे त्याने आधीच फोनवर सांगितले होते. बुडाला चुंबक चिकटत नसेल ते भांडे त्या शेगडीवर तापत नाही, हे घरी कळण्यापेक्षा दुकानात कळलेले बरे. डिशवॉशर मात्र कमी आवाजाचाच घ्या, हे त्याचे म्हणणे मला पटले नाही. ४४ आणि ४० डेसिबलमधला फरक कानाला जाणवतो, हे खरे. पण ज्या घरात रात्री यंत्र लावून स्वयंपाकघराचे दार ओढून घेता येते, तिथे त्या चार डेसिबलसाठी पैसे मोजणे ही हौस झाली.

साखळीची मालकी जाणवली ती माल घरी आला त्या दिवशी. गाडी साखळीच्या सामाईक गोदामातून आली होती आणि गाडीवरच्या दोघांच्या हातातल्या कागदावर फ्रिज ‘उतरवून देणे’ एवढेच लिहिले होते. आमच्या पावतीवर कपाटात बसवणे, समतल करणे आणि दाराला लाकडी फळी लावणे ही तिन्ही कामे स्वतंत्र ओळींत होती. त्या माणसांचा दोष नव्हता. ते दिवसभर धुलाईयंत्रे पोचवणारे लोक. मदतकेंद्राला फोन केला तेव्हा पावतीवरचा क्रमांक त्यांच्या संगणकावर सापडेना, कारण दालनाची नोंदवही वेगळी आणि साखळीची वेगळी. फ्रिज नऊ दिवस दिवाणखान्यात, वेष्टनासह उभा होता. शेवटी त्याच विक्रेत्याने स्वतः धावपळ करून बसवणारा कारागीर पाठवला, आणि त्या कारागिराने समतलपणा पाहायची पट्टी दोनदा लावून, पुढचे पाय किंचित उंच करून, दार आपोआप मिटते की नाही हे आम्हाला दाखवले.

ओव्हन अजून घ्यायचा आहे आणि तो याच दालनातून घेणार आहे. मात्र या वेळी पैसे भरण्याआधी बसवणाऱ्या पथकाचे नाव, त्यांच्या कामांची यादी आणि साखळीच्या संगणकावरचा क्रमांक, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून मागितल्या आहेत. विक्रेता हसला आणि म्हणाला की हल्ली हे बरेच जण मागतात.