अकरा महिने गळ्यात ट्रॅकर: गोट्याचा अनुभव, आणि थोडा चिंगीचाही

ट्रॅकरच्या खोक्यावर 'बॅटरी सात दिवस' असं छापलं होतं. आमच्याकडे ती कधी चौथ्या दिवसाच्या पुढे गेली नाही, आणि लाइव्ह मोड, म्हणजे जागा सतत कळवत राहणं, चालू ठेवला तर अर्ध्या दिवसात मान टाकते. सुरुवातच तक्रारीनं करतोय खरी, पण अकरा महिन्यांनंतरही हे यंत्र आमच्या कुत्र्याच्या, गोट्याच्या, गळ्यात आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

गोट्या सतरा किलोचा, एरवी शूर. ढग गडगडले की मात्र त्याचं डोकं आधी पळतं आणि मागोमाग तो. दोनदा असा निसटल्यावर जीपीएस ट्रॅकर घेतला. तोवर माझी समजूत अशी, की उपग्रहच आपल्याला कुत्रा दाखवतो. तसं नसतं. यंत्र उपग्रहांचे सिग्नल पकडून आपण कुठे आहोत ते ठरवतं आणि मग आतल्या सिमकार्डवरून, साध्या मोबाइल नेटवर्कनं, ते आपल्या फोनला कळवतं. म्हणजे वर आकाशही मोकळं हवं आणि खाली रेंजही हवी. यातलं एक नसलं की नकाशावर दिसतो तो जुना ठिपका. वर्षाची वर्गणी भरावी लागते तीही त्या सिमपायीच.

घराभोवती नकाशावर गोल आखायचा, कुत्रा त्याबाहेर गेला की फोन वाजतो. हे ऐकायला छान. मी पहिल्यांदा गोल अगदी घट्ट आखला, तर पहिल्याच रात्री अडीच वाजता फोन बोंबलायला लागला: गोट्या बाहेर! गोट्या माझ्या पायाशी घोरत होता. छताखाली सिग्नल भिंतींवर आपटून येतो, ठिपका शेजारच्या घरात उडी मारतो आणि यंत्राला वाटतं कुत्रा निघाला. असं आठवडाभर झाल्यावर गोल मोठा केला. मग खोटे अलार्म थांबले, पण खरा अलार्मही उशिरा येणार हे ओघानं आलंच. या दोन टोकांमधलं बरोबर माप मला अजून सापडलेलं नाही. घरातला वायफाय ओळखून 'आत आहे' असं समजणारा पर्याय सुरू केला, तेव्हा जरा शांतता झाली.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात. पाहुण्यांनी दार उघडलं आणि त्याच क्षणी वीज कडाडली. अलार्म आला तेव्हा गोट्या सहाशे मीटरवर होता. मी ठिपक्यापाशी धावत गेलो, तिथे कुणीच नाही. फोन बघतो तर ठिपका पुढे गेलेला. परत धाव, परत तेच. तिसऱ्या खेपेला उमगलं की मी कुत्र्यामागे नाही, दोन मिनिटांपूर्वीच्या कुत्र्यामागे पळतोय. मग थांबलो, ठिपक्याऐवजी त्याच्या मागची रेघ बघितली. ती एका भिंतीच्या कडेकडेनं सरळ चालली होती. पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि पट्ट्यातला बीप वाजवला. आवाज आला एका उभ्या टेम्पोखालून.

खाली वाकलो तर माझाच कुत्रा माझ्यावर गुरगुरला. घाबरलेलं जनावर मालकालाही ओळखत नाही, हे ऐकून होतो, पण तोंडावर आल्यावर लागतंच. हाक मारणं, हात घालणं, दोन्ही टाळलं. चाकापाशी ओल्या रस्त्यावर आडवं तोंड करून बसलो, त्याच्याकडे न बघता. दहा-बारा मिनिटांनी कोपराला ओलं नाक लागलं. तेव्हा बॅटरी ११ टक्के होती. आदल्या रात्री चार्ज करायचा मी कंटाळा केला होता, हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर एकच नियम केला. चार्जिंगला ट्रॅकर काढतो तेवढा वेळ गळा उघडा पडतो, म्हणून फोन नंबर कोरलेली साधी पट्टी वेगळ्या पट्ट्यावर कायम असते. ती न रुसता काम करते. फक्त छापील घेऊ नका, कोरीव घ्या. पहिल्या पट्टीवरचे शेवटचे तीन आकडे पाच महिन्यांत घासून गेले. पट्टा किती घट्ट, तर खाली दोन बोटं जावीत इतपत. ट्रॅकरचा जाड पट्टा सैल राहिला की मानेवरचे केस झडतात, आमच्याकडे झडले.

चिंगीची गोष्ट निराळी. साडेतीन किलोच्या मांजरीला एवढं धूड गळ्यात घालणं जिवावर आलं, म्हणून नाण्याएवढा ब्लूटूथ टॅग घेतला. यात ना जीपीएस, ना सिम. जवळपास कुणाचा तरी फोन असेल तर त्याच्या आधारानं जागा कळते, त्यामुळे गर्दीत बरा, निर्जन जागी मुका. या जातीतला सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे ॲपलचा २०२१ मध्ये आलेला एअरटॅग, आणि तो वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही, असं खुद्द ॲपलच सांगते. मांजराचा पट्टा ओढ बसली की सुटणाराच हवा, नाहीतर फांदीत अडकून फास बसायचा. आमचा पट्टा इमानदारीनं सुटला. मी टॅगच्या मागावर अर्धा तास कुंपणाच्या काट्यांत हात घालत होतो. टॅग सापडला, आणि चिंगी कपाटावरून माझी गंमत बघत होती.

पुढे ती खरोखरच दोन दिवस गायब झाली, तेव्हा टॅगचा काडीचाही उपयोग झाला नाही. कामी आला टॉर्च. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, हजारावर हरवलेल्या मांजरांच्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. ते आठवलं आणि गावभर हिंडणं सोडलं. रात्री रहदारी थांबल्यावर टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून जिन्यांखाली, वाहनांखाली, पाइपांमागे बघत गेलो. मांजरीच्या डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधारात दोन हिरवे ठिपके लगेच दिसतात. ती होती आमच्यापासून तिसऱ्या घराच्या जिन्याखाली, जुन्या चटईमागे. दोन दिवस माझ्या हाका ऐकत होती आणि हूं की चूं केलं नव्हतं.

मायक्रोचिपबद्दल लोक फार गोंधळ करतात. चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात, तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळ धरला तर पंधरा आकडी क्रमांक दिसतो, बस्स. बाकी सगळं त्या क्रमांकापुढे नोंदलेल्या फोनवर. दोघांचीही चिप तपासून घेतली, क्रमांक वाचला गेला, मी खूश. मग सहज नोंद उघडली तर तिथे माझा दोन वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर! म्हणजे दोन वर्षं माझी जनावरं व्यवस्थित 'नोंदलेली' होती आणि कुणाला सापडली असती तरी फोन कुठेही वाजला नसता. बदल करायला तीन मेल आणि नऊ दिवस लागले. ज्यांच्याकडे चिप आहे त्यांनी हे वाचून होताच आपली नोंद उघडून बघावी.

आणि हरवल्याच्या जाहिरातीसाठी फोटो. झोपलेले गोड फोटो कामाचे नाहीत. दोन्ही बाजूंनी उभा, शेपूट दिसेल असा हवा. एखादी खूण मात्र जाहिरातीत देऊ नका. "सापडलाय, आधी पैसे पाठवा" म्हणणारा फोन आला की ती विचारायची. गोट्याची अशी खूण आहे, अर्थात इथे लिहिणार नाही.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. गोट्यासाठी कुरकुरत का होईना, भरणार. चिंगीचा टॅग सध्या माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला आहे, आणि तिथे फारच चांगला चाललाय.