'ओरिजनल' म्हणून गळ्यात मारलेली एनआरएफ२४ मॉड्यूल्स

"१०० टक्के ओरिजनल, रेंज ११०० मीटर" असं वाचून अँटेना आणि सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर असलेली, वायरलेस डेटा पाठवणारी एनआरएफ२४एल०१+ मॉड्यूल्स मागवणार असाल तर थांबा. अशाच एका ऑनलाइन लॉटमध्ये चिपवर मूळ उत्पादक नॉर्डिकचं नाव होतं, आत नक्कल. तक्रार केली की विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर: "सर, तुमचा कोड चुकतोय." ते पटतंही, कारण टेबलावर दोन मॉड्यूल्स शेजारी ठेवली की छान बोलतात. विहिरीवर एक आणि घरी एक लावलं की डेटाची पाकिटं गळू लागतात, आणि तोवर रिटर्नची मुदत संपलेली असते.

विक्रेत्याला ही पळवाट ठेवायची नसेल तर आधी सप्लाय नीट करा. आर्डुइनो ऊनो बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलीअँपिअरच देते; अँप्लिफायरला १०० च्या वर लागतात. वेगळा एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर घ्या आणि मॉड्यूलच्या व्हीसीसी (वीज घेणारी) आणि ग्राउंड पिनांवरच १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करा. (डेटा पिनांना ५ व्होल्ट चालतात. व्हीसीसीला दिलेत तर मॉड्यूल गेलंच.)

मग अँटेना घट्ट बसवून व्हीसीसीच्या वायरीत मल्टिमीटर लावा. रेंज १० अँपिअरचीच ठेवा, छोट्या रेंजवर मीटरमध्येच व्होल्टेज पडतं. आर्डुइनोच्या आरएफ२४ लायब्ररीतल्या 'स्टार्टकॉन्स्टकॅरिअर' फंक्शनने कमाल पॉवरवर सलग कॅरिअर (डेटा नसलेली नुसती रेडिओ लहर) सोडा. नुसती नॉर्डिकची चिप ० डीबीएमला, म्हणजे तिच्या कमाल पॉवरला, ११.३ मिलीअँपिअर घेते. मीटर तिथेच घुटमळला तर अँप्लिफायर फक्त शोभेला आहे.

चिप '+' प्रकारची आहे का ते सांगणाऱ्या, त्याच लायब्ररीतल्या 'इजपीव्हेरियंट'वर विसंबू नका. 'नाही' आलं तर २५० केबीपीएसचा वेग न येणारी जुनी चिप निघाली, पण 'हो' तर नक्कलही म्हणते. नक्कल उघडी पडते ती खात्रीच्या मॉड्यूलशी जोडी लावून, ऑटो-अ‍ॅक (पाकीट मिळाल्याची आपोआप पोच) आणि डायनॅमिक पेलोड (पाकिटाची बदलती लांबी) चालू केल्यावर. काही नकलांत 'पोच नको' हा बिट उलटा वाचला जातो. मग रिसीव्हरच्या सिरीयल मॉनिटरवर आकडा नीट उमटतो आणि पाठवणारा मात्र 'फेल' म्हणत बसतो. दोन्हीकडे नक्कल असली तर काहीच कळत नाही!

रेंज मोजताना ऑटो-अ‍ॅक बंद करून क्रमांक घातलेली पाकिटं सोडा. नाहीतर आपोआप होणारे १५ रिट्राय (पुन्हा पाठवणं) गळती झाकून टाकतात. चॅनल ७६ पुरे. सगळीकडे सांगितला जाणारा १०८ म्हणजे २५०८ मेगाहर्ट्झ, विनापरवाना मोकळ्या रेडिओ पट्ट्याच्या बाहेर.

पार्सल फोडतानाचा व्हिडिओ आणि मीटरचा फोटो जोडून 'वर्णनाशी जुळत नाही' म्हणून रिटर्न टाका. 'डिफेक्टिव्ह' लिहिलंत तर त्याच लॉटमधलं दुसरं येईल. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.