हंगामात काय घ्यावं: एक दोन अंकी नाटक की तीन एकांकिका?

दोन अंकी नाटकाला नेपथ्य बहुधा एकच, पण हौशी संचाला तालमीचे सहा-आठ आठवडे हवेतच. मुख्य नट आजारी पडला की प्रयोग अडतो. बदली नट पहिल्या वाचनापासून बसवावा.

नव्या संस्थेला आम्ही एकांकिकाच सुचवू. जोखीम विभागली जाते, नवोदितांना मोठी कामं मिळतात. घोळ होतो तो दोन एकांकिकांच्या मधल्या अंधारात. नेपथ्य बदलायला पाच मिनिटं लागली की प्रेक्षागृहात मोबाईल उजळतात. तिन्हींना चालतील अशा चार लेव्हल्स (रंगमंचावर ठेवायचे चौथरे) आणि दोन खुर्च्या ठेवा, त्यांच्या जागा चिकटपट्टीने आखा, बदल दीड मिनिटात बसवा. त्याची तालीम अंधारातच घ्या! प्रकाशाचे झोनही, म्हणजे रंगमंचाचे वेगवेगळे उजळायचे भाग, तिन्हींना सामाईक ठरवा. नाहीतर दिवे ऐनवेळी हलतात आणि चेहरे काळोखात राहतात.