जुन्या इंजिनात सिंथेटिक ऑइल घालावं की मिनरलच बरं?

मिनरल म्हणजे खनिज तेल शुद्ध करून केलेलं इंजिन ऑइल, सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं. पण आधी एक करा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी त्यावर काळे डाग पडलेले दिसले, तर कुठलं ऑइल हा प्रश्न नंतरचा. पहिल्यांदा ऑइल सील आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून घ्या.

‘सिंथेटिक घातलं की जुनी गाडी गळते’ हे गॅरेजात सर्रास ऐकू येतं. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलांनी रबरी सील आकसायचे, तिथून ही भीती आली. आताच्या ऑइलांत तो दोष राहिलेला नाही. मात्र वर्षानुवर्षांच्या गाळानेच एखादी फट बुजली असेल, तर गाळ धुतला गेल्यावर ती उघडी पडते. गळती जुनीच असते, दिसते आत्ता.

मिनरल स्वस्त. एक लिटर सिंथेटिकच्या पैशांत ते साधारण दोन लिटर येतं. त्यामुळे गाडी ऑइल पीत असेल, हजार किलोमीटरला अर्धा लिटर वर घालावं लागत असेल, तर महागडं ऑइल धुरावाटे घालवण्यात अर्थ नाही.

सिंथेटिकचं खरं बळ उष्णतेत दिसतं. विदर्भातला मे महिना, सिग्नलला उभी असलेली एअर-कूल्ड स्प्लेंडर. अशा तापात मिनरल लवकर काळं पडतं, त्याचा कस उतरतो. सिंथेटिक टिकून राहतं. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणाऱ्या, धूर न मारणाऱ्या बाइकला मी ते नक्की घालेन. फक्त डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. बाइकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. एका गॅरेजात माझ्या बाइकमध्ये कारचं ऑइल ओतलं गेलं होतं; चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही.

आमच्या १९९९ च्या मारुती ८०० चं गणित वेगळं आहे. ती वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. सिंथेटिक जास्त किलोमीटर टिकतं खरं, पण ते किलोमीटर भरण्याआधीच वर्ष उलटतं आणि ऑइल बदलावंच लागतं. म्हणून तिला दरवर्षी २०डब्ल्यू-४० ग्रेडचं मिनरल आणि नवा फिल्टर. त्यात ती खूश आहे.

माझ्या मते बहुतेकांची चूक ग्रेडमध्ये, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ हे सांगणाऱ्या आकड्यांत होते. झिजलेल्या इंजिनात नव्या गाडीचं ५डब्ल्यू-३० घातलं, तर गरम झाल्यावर ते फार पातळ पडतं. टॅपेट वाजू लागतात, आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. मग दोष सिंथेटिकच्या माथी मारला जातो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडच्या जवळचंच सिंथेटिक निवडा.

सिंथेटिकवर जायचंच ठरलं, तर पहिलं ऑइल दोन हजार किलोमीटरलाच फिल्टरसकट काढून टाका, सुटलेला गाळ त्याबरोबर जाईल. तोवर दर रविवारी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक पुसून पातळी बघत राहा.