व्हॅनिटी फेअर वाचा, पण चित्रंवालीच आवृत्ती घ्या

आधीच सांगते, थॅकरे या इंग्रज लेखकाची ही कादंबरी जाडजूड आहे. १८४७-४८ मध्ये महिन्याच्या महिन्याला हप्त्याने छापत होते, त्यामुळे लेखकबुवा मधेच पाल्हाळ लावतात, प्रवचन देतात. ती पानं भराभर उलटली तरी चालतं. पण नायिका बेकी शार्प आली रे आली की पुस्तक खाली ठेववत नाही!

शाळेतून निघताना हळूच हातात कोंबलेली जॉन्सनची डिक्शनरी ही पोरगी गाडीच्या खिडकीतून परत बागेत भिरकावते, तिथूनच कळतं काय प्रकरण आहे ते. बाप चित्रकार, आई फ्रेंच नर्तकी, दोघंही गेलेले, जवळ दमडी नाही, आणि लग्न जमवायला आई नाही म्हणून बाई स्वतःचं स्थळ स्वतःच शोधायला निघतात. पहिला बकरा मैत्रीण अमेलियाचा भाऊ जोस, ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला कलेक्टर, गलेलठ्ठ आणि लाजरा. त्याच्यावर छाप पाडायला ती करी खाते, तोंडाची आग आग होते, तो म्हणतो सोबत चिली घ्या, आणि नावावरून काहीतरी थंडगार असेल समजून ही हिरवीगार मिरची तोंडात टाकते. मी हा सीन तीनदा वाचला.

ऐतिहासिक म्हणावी तर वॉटर्लूची लढाई आहे, नेपोलियन हरला ती, जून १८१५, पण थॅकरे आपल्याला रणांगणावर नेतच नाही, ब्रसेल्समध्येच ठेवतो. तिकडे तोफा धडधडतायत आणि इकडे जोस सैनिक समजून आपल्याला पकडतील म्हणून मिशा उतरवतोय, आणि बेकी त्याच घाबरटाला आपले घोडे अव्वाच्या सव्वा भावाने विकतेय. नवरा लढाईवर गेलाय हिचा, बरं का!

वर्षाला ५ हजार पौंड असते तर मीही सज्जन झाले असते असं ती एकदा म्हणते, आणि लेखकालाही ते मनातून पटलेलं दिसतं, म्हणून तर मजा येते. मला खटकलं ते पोटच्या पोराशी तिचं वागणं, तिथे हसू येत नाही. आणि अमेलिया, ती रडूबाई, तिचे चॅप्टर्स म्हणजे नुसती टिपं.

आता चित्रांचं. ती थॅकरेनेच काढलीयेत (कपडे १८१५चे नाहीत, त्याच्या स्वतःच्या काळातले, जुने फारच कुरूप दिसतात म्हणून). मधे एका पार्टीत बेकी नाटुकल्यात क्लायटेमनेस्ट्रा होते, म्हणजे नवऱ्याचा खून करणारी राणी. अगदी शेवटी एकजण मरतो, विम्याचे पैसे असतात, आणि बेकीचा त्यात हात होता का हे थॅकरे शब्दांत सांगतच नाही. फक्त एका चित्रात पडद्याआड बेकी उभी आहे आणि खाली परत तेच राणीचं नाव. माझी पहिली कॉपी बिनचित्रांची होती, मला वाटलं बिचारा आजारपणानेच गेला.