ठाण्यात जुनं पुस्तक शिवून हवं असेल तर चरईतले बाइंडर काका

पुस्तक शिवून देणारा माणूस ठाण्यात आता शोधावा लागतो, जिथे जाल तिथे स्पायरल करून देतात आणि त्यालाच बाइंडिंग म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्कच्या 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीची बाबांची कॉपी आहे. मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवरून घेतलेलं पेपरबॅक, कडेला त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक नोंदी. बाबा गेल्यावर मी ती इतक्यांदा वाचली की पाठ सुटली आणि पानं पत्त्यांसारखी हातात यायला लागली. आधी स्टेशनजवळ एका ठिकाणी दिली तर त्यांनी काही न विचारता सरळ कटिंग मशीनखाली धरली, कडा कापल्या असत्या म्हणजे बाबांचं अक्षर गेलं असतं, मी तशीच परत घेऊन आले.

मग ओळखीतून चरईतल्या काकांचा पत्ता मिळाला. छोटा गाळा, पुस्तक दाबून धरायचा लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं, खळीत मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही. काकांनी पुस्तक हातात घेऊन पहिल्यांदा पाठ बघितली. म्हणाले, "ताई, हे शिवलेलं नव्हतंच, नुसतं चिकटवलेलं. आता बाजूने टोचून शिवावं लागेल, आतली पाव इंच जागा जाईल. चालेल का?" मी म्हटलं आतल्या कडेलापण लिहिलंय हो. मग त्यांनी माझ्यासमोर एकेक पान उलटून नोंद असलेली सगळी पानं बाजूला काढली. त्या प्रत्येक पानाला आतून पातळ कागदाची पट्टी चिकटवली आणि शिवण पट्टीवर घेतली. एकही अक्षर दाबलं गेलेलं नाही. हे काम मी दुसरीकडे कितीही पैसे देऊन करून घेऊ शकले नसते असं मला खरंच वाटतं.

रेमार्कचे वडील बुकबाइंडर होते, जर्मनीत ओस्नाब्र्युक गावात, हे मी काकांना सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं. मग मी बसलेच. रेमार्कचा १८९८ चा जन्म, १९१७ मध्ये आघाडीवर पाठवलं आणि थोड्याच आठवड्यांत, ३१ जुलैला, तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी, पुढचा बराच काळ लष्करी हॉस्पिटलात. त्याच वर्षी आई गेली, तिच्या नावातलं मारिया त्याने नंतर स्वतःच्या नावात घेतलं. ही कादंबरी १९२८ मध्ये आधी पेपरात क्रमशः आली, १९२९ मध्ये पुस्तक, आणि १९३३ मध्ये नाझींनी ती जाहीर जाळली. तो देशाबाहेर निसटला होता, बहीण एल्फ्रीडे मात्र तिथेच राहिली. ड्रेसमेकर होती, युद्ध हरलोय असं बोलली म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये तिचा शिरच्छेद केला, आणि भाऊ आमच्या हातून निसटला पण तू सुटणार नाहीस असं न्यायाधीश तिला कोर्टात म्हणाला. हे वाक्य मी आजही नीट सांगू शकत नाही.

काका बाइंडिंगच्या आधी प्रेसमध्ये कंपोझिटर होते, छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवायचे. म्हणून त्यांना कादंबरीतला दुवालचा भाग सांगितला. कादंबरीचा नायक, जर्मन सैनिक पाउल, खड्ड्यात लपलेला असताना अंगावर पडलेल्या फ्रेंच सैनिकाला भोसकतो, तो लगेच मरत नाही, त्याच्यासोबत तासन् तास त्याच खड्ड्यात काढावे लागतात, आणि मग त्याचं पाकीट उघडून बघतो तर बायको-मुलीचे फोटो आणि नाव, जेरार्द दुवाल, कंपोझिटर. बायकोला पत्र लिहीन असं पाउल ठरवतो. बाबांनी त्या पानावर फक्त एक उभी रेघ ओढलीये, शब्द एकही नाही. काकांनी विचारलं, "मग लिहिलं का पत्र?" मी नाही म्हटलं. त्यांनी ते पान परत जागेवर ठेवलं आणि बराच वेळ दोरा ओवत बसले.

आता बाकीचं. पुठ्ठा-कापड बांधणीचे २८० रुपये घेतले. वेळ आठवड्याचा सांगितला आणि पंधरा दिवस लागले, घाई असेल तर देऊ नका. पुस्तक आता पूर्ण सपाट उघडत नाही, हाताने धरून वाचावं लागतं, बाजूच्या शिवणीत ते होणारच. सोनेरी अक्षरं करत नाहीत, लेबलवर पेनने लिहून देतात, अक्षर सुंदर आहे. जुनं कव्हर फेकलं नाही, आत चिकटवून दिलं, हे न सांगता केलं.

सकाळी अकरानंतर जा, दुपारी बंद असतं. फोनवर भाव विचारू नका, पुस्तक बघितल्याशिवाय ते आकडा सांगत नाहीत. मी आता रेमार्कचंच 'थ्री कॉमरेड्स' दिलंय, त्याचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले आहेत, त्यामुळे ते सपाट उघडेल म्हणाले.